कुंपणावरचा अनोळखी वेल ओळखताना: फुलाच्या रंगाआधी काय पाहायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुंपणावर कुणी न लावता एक वेल आला आहे. पाने पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची आहेत. फुले जांभळी, नरसाळ्यासारखी असून पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. सोबत फुलाचा समोरून काढलेला एक फोटो आहे. हा वेल कोणता, विषारी आहे का, आणि ठेवावा की उपटावा?

वर्णनावरून हा आयपोमिया गटातला, म्हणजे ज्याला सरसकट मॉर्निंग ग्लोरी म्हणतात त्यातला वेल असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र या गटात जगभर सहाशेहून अधिक जाती आहेत. त्यातले काही वर्षभरात वाळून जातात, तर काही एकदा रुजले की हटता हटत नाहीत. त्यामुळे ‘मॉर्निंग ग्लोरी’ एवढ्या उत्तरावर वेल ठेवायचा की नाही हे ठरवता येत नाही. शिवाय जांभळी नरसाळी फुले आणि बदामी पाने असणारे दुसऱ्या कुळांतले वेलही आहेत. समोरून काढलेल्या फोटोत ते सगळे एकसारखे दिसतात. फुलाचा समोरचा चेहरा सगळ्यात देखणा असला, तरी ओळख पटवायला तो सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. ओळख दडलेली असते फुलाच्या पाठीमागे, पानाच्या देठापाशी आणि वेल आधाराला कसा धरतो त्यात.

सुरुवात मुळापासून करा, अगदी शब्दशः. हातमोजे घालून, एका फुलापासून खोड धरत धरत जमिनीपर्यंत जा. कुंपणावर दोन-तीन वेल एकमेकांत गुंतलेले असणे फार साधारण आहे, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात: पान एका वेलाचे घेतले जाते आणि फूल दुसऱ्याचे. मग कुठल्याच पुस्तकात न सापडणारी ‘दुर्मीळ’ वनस्पती तयार होते. फूल, त्याच फांदीवरचे पान आणि त्याच फांदीचे पेर, म्हणजे खोडावर पान फुटते तो सांधा, तिन्ही एकाच तुकड्यावर दिसले पाहिजेत. हातमोज्यांचा आग्रह खाजकुइलीसाठी आहे. तिच्याही फुलांचा रंग गडद जांभळा असतो आणि ती कुंपणावर सहज चढते. तिच्या शेंगांवरची सोनेरी-तपकिरी लव कातडीत घुसली की असह्य खाज सुटते. अशी लव दिसली तर वेल हलवू नका, वारा वेलाकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला उभे राहू नका.

आता वेल चढतो कसा ते पाहा. ही एक गोष्ट नीट पाहिली तर निम्मी कुळे बाद होतात.

काही वेल खोडानेच आधाराला विळखा घालतात. त्यांना ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे दोऱ्यासारखे अवयव, नसतात आणि चढायला काटेही लागत नाहीत. आयपोमिया, गोकर्ण, गुळवेल, उतरण, कारंदे हे सगळे असे. विळख्याची दिशासुद्धा कामाची आहे, कारण ती त्या त्या जातीची ठरलेली असते. वेल पृथ्वीच्या उत्तर गोलार्धात लावा की दक्षिण गोलार्धात, दिशा बदलत नाही. आधार तुमच्यासमोर उभा आहे असे समजा आणि फक्त तुमच्याकडच्या बाजूचे खोड पाहा. ते खालून डावीकडून वर उजवीकडे जात असेल तर एक दिशा, उजवीकडून डावीकडे जात असेल तर दुसरी. आयपोमिया डावीकडून उजवीकडे वर चढतो. हनीसकल नेमका उलटा. कारंद्यांमध्ये तर या दिशेवरूनच जाती वेगळ्या करतात: हवेत, पानांच्या बगलेत (देठ आणि खोड यांच्यामधल्या कोपऱ्यात) बटाट्यासारखे कंद धरणारा कडू कारंदा उजवीकडून डावीकडे चढतो, आणि खाण्यासाठी लावला जाणारा मोठा कोनफळाचा वेल डावीकडून उजवीकडे. ‘घड्याळाच्या दिशेने’ असे लिहू नका. वरून पाहिले की खालून, यावर ते उलटे होते आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

ताणे असतील तर ते नेमके कुठून निघतात ते भिंगाने पाहा. काकडी, कारले, तोंडली, पडवळ या कुळात ताणा पानाच्या देठाच्या बाजूला निघतो, बरोबर बगलेतून नाही. कृष्णकमळात तो थेट पानाच्या बगलेतून निघतो. द्राक्षाच्या कुळात ताणा पानाच्या समोर, पेराच्या दुसऱ्या बाजूला असतो. कपाळफोडी आणि गुलाबी फुलांचा कोरल वेल यांत तो फुलांच्या दांड्यावरच असतो. कळलावीत पानाचे टोकच लांबून ताण्यासारखे वळते. टेकोमाच्या कुळातल्या बऱ्याच वेलांत पान लहान लहान दलांचे बनलेले असते, आणि दोन दलांच्या मध्ये तिसऱ्या दलाच्या जागी ताणा येतो. त्याच्या टोकाला मांजराच्या नखांसारखे तीन आकडे दिसले आणि फुले पिवळी असली, तर तो कॅट्स क्लॉ वेल. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तो गंभीर प्रकार आहे. मोरवेल ताण्याशिवायच चढतो, पानाचे देठच आधाराला गुंडाळून. आणि ज्याला हे काहीच नाही, तो नुसता टेकून चढणारा असू शकतो: बोगनवेल काट्यांच्या आधाराने, मधुमालती जुन्या देठांच्या उरलेल्या टोकदार बुडांच्या आधाराने.

पुढे पानांची मांडणी. एका पेरावर एक पान की दोन? एकाआड एक पाने असतील तर आयपोमिया, गोकर्ण, गुळवेल, भोपळ्याचे कुळ, कृष्णकमळ. समोरासमोर जोडी असेल तर जाई-जुई, टेकोमाचे कुळ, थनबर्जिया, आणि चीक असणारे अलमांडा-उतरण यांचे कुळ. इथे एक सापळा आहे. संयुक्त पानाचे एकेक दल पाहून लोक त्याला पान समजतात. पान कुठे संपते हे ठरवायची खूण म्हणजे डोळा: जिथे देठ खोडाला मिळतो तिथे बगलेत छोटा अंकुर असतो. दलाच्या बुडाशी तो कधीच नसतो. गोकर्णाचे एक पान म्हणजे पाच ते सात दलांची रांग, सुटी पाच-सात पाने नव्हेत.

पानाच्या आकाराला फार महत्त्व देऊ नका. बदामाच्या आकाराचे पान गुळवेलाला आहे, नागवेलीला आहे, कारंद्याला आहे, मायाळूला आहे, कोरल वेलाला आहे, मिकानियाला आहे, विषारी ॲरिस्टोलोकियालाही आहे. वेल असणे आणि पान बदामी असणे यांचे इतके सख्य आहे की त्यावरून कुळ ठरत नाही. शिवाय आयपोमियाच्या काही जातींत एकाच वेलावर खाली अखंड बदामी पाने आणि वर तीन खंडांची पाने येतात. म्हणून पाच-सहा पाने वेगवेगळ्या उंचीवरून घ्या. पान उलटे करून लव पाहा, आणि देठ जिथे पानाला मिळतो तिथे बारीक गाठी आहेत का ते पाहा. कृष्णकमळाच्या अनेक जातींत देठावर अशा ग्रंथी असतात आणि दुधी भोपळ्याच्या देठाच्या टोकाला दोन असतात. मायाळूचे पान चुरगाळले तर बोटांना बुळबुळीत लागते. लसूणवेलाचे चुरगाळले तर लसणाचा वास येतो, आणि तिथे प्रश्न जवळजवळ संपतो.

चीक पाहायला एक देठ मोडा, आणि तो चेहऱ्यापासून लांब धरून मोडा. पांढरा, दाट, भराभर वाहणारा चीक हा अलमांडा, उतरण, हिरणदोडी, रबर वेल यांच्या कुळाचा. आयपोमियातही बऱ्याच जातींत दुधाळ चीक असतो, पण तो पातळ आणि थोडा. चीक बोटाला लागला तर आधी हात धुवा, मग डोळे-तोंडाला हात लावा. डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्याने सलग 15 मिनिटे धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. चव घेऊन ओळखणे हा प्रकार पूर्ण बंद. त्यातून जेवढे कळते तेवढे फुलाच्या पाठीवरून निर्धोकपणे कळते.

आता फूल. एक ताजे फूल तोडा, धारदार ब्लेडने बुडापासून वरपर्यंत उभे चिरा आणि पांढऱ्या कागदावर पसरा. शेजारी मोजपट्टी ठेवा. 10 पट मोठे दाखवणारे भिंग असेल तर उत्तम. पाहायचे ते असे: पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, पुंकेसर किती, बीजकोश पाकळ्यांच्या वर की खाली, आणि फुलाच्या बुडाशी निदले कशी आहेत. निदले म्हणजे पाकळ्यांखालची हिरवी पानासारखी कळीची आवरणे.

पुंकेसरांची संख्या हा फार भरवशाचा आकडा आहे. जाई, जुई, सायली, कुसर यांत पुंकेसर दोन असतात, मग पाकळ्या पाच असोत की नऊ. पिवळ्या, सुवासिक, जाईसारख्या दिसणाऱ्या फुलात पाच पुंकेसर दिसले तर तो जेल्सेमियम असू शकतो, आणि तो सर्वांगाने विषारी आहे. थनबर्जिया आणि टेकोमाच्या कुळात चार, दोन लांब आणि दोन आखूड. आयपोमियात पाच, बहुतेक वेळा असमान लांबीचे. भोपळ्याच्या कुळात नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवले फळ आधीच दिसते. ते दिसले की कुळाबद्दल शंका उरत नाही.

जांभळ्या नरसाळ्यांपुरते बोलायचे तर तुमच्या वेलाचे खरे प्रतिस्पर्धी पाच आहेत.

पहिला थनबर्जिया ग्रँडिफ्लोरा, ज्याला बरेच जण नीलवेल म्हणतात. फूल 6 ते 8 सेंटिमीटर रुंद, फिकट निळे-जांभळे. पण पाने समोरासमोर, खरखरीत, काठाला कोनदार दात असलेली. मुख्य खूण फुलाच्या पाठीमागे: कळीला दोन मोठी हिरवी छदे (फुलाखालची पानासारखी आवरणे) शिंपल्यासारखी कवटाळून असतात आणि खरी निदले त्यांच्या आत इतकी लहान असतात की नुसत्या कडेसारखी भासतात. फूल दिवसभर उघडे राहते.

दुसरा लसूणवेल. समोरासमोर पाने, प्रत्येक पान दोन दलांचे, आणि वास.

तिसरा समुद्रशोक. हा आयपोमियाच्याच कुळातला. पान मोठे, कधीकधी 30 सेंटिमीटरपर्यंत, आणि पालथी बाजू रुपेरी रेशमी लवेने मढलेली. नरसाळे बाहेरूनही लवदार. एकदा पालथे पान पाहिले की पुन्हा चूक होत नाही.

चौथा रबर वेल. समोरासमोर चकचकीत जाड पाने, मोडताच भरपूर पांढरा चीक, फूल फिकट गुलाबी-जांभळे, पाच खंडांचे, आणि फळे दोन-दोनच्या जोडीने, कडक, कोनदार. हा विषारी आहे.

पाचवा प्रतिस्पर्धी अगदी घरातला: रताळ्याचा वेल. टाकून दिलेल्या तुकड्यापासून तो सहज रुजतो आणि त्याचे फूल फिकट जांभळे, गळ्याशी गडद असते. तोही आयपोमियाच आहे. मात्र तो विळखा घालून उंच चढण्यापेक्षा जमिनीवर पसरतो आणि पेरापेराला मुळ्या धरतो.

फूल आयपोमियाच्या कुळाचे आहे याची स्वतःची खूणही सांगतो. कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली असते. उमलल्यावर गळ्यापासून काठापर्यंत पाच जाडसर पट्टे दिसतात, त्या छत्रीच्या जणू काड्याच. मधला भाग पातळ, घडी पडलेला. कोमेजताना नरसाळे आतल्या आत गुंडाळले जाते आणि ओल्या कागदाच्या बोळ्यासारखे दिसते. पाकळी सुटी काढायला गेलात तर निघत नाही, फाटते. मग मध्यभागी कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे टोक, पाहा. ती गोल गाठीसारखी किंवा दोन-तीन गोळ्या चिकटवल्यासारखी असेल तर आयपोमिया. दोन बारीक दोऱ्यांसारखी फाकलेली असेल तर कॉन्व्हॉल्व्ह्युलस, म्हणजे शेतातल्या हरणखुरीचा गट.

इथवर आलात की उरतो जातीचा प्रश्न, आणि तो सुटतो निदलांवर. आयपोमियात फुलाचा रंग जवळजवळ निरुपयोगी आहे. एकाच जातीत निळी, जांभळी, गुलाबी, पांढरी फुले येतात, आणि एकच फूल दिवसभरात रंग बदलते. ‘हेवनली ब्लू’ या बागेतल्या प्रकारात कळी जांभळट असते आणि उमलताना फूल आकाशी निळे होते. पाकळीच्या पेशींतल्या रसाची आम्लता कमी होते, सामू (pH) सुमारे 6.6 वरून 7.7 वर जातो, आणि तेच रंगद्रव्य निळे दिसू लागते. रंगद्रव्य बदलत नाही, फक्त रस बदलतो. हे इतके सुंदर आहे की एका पहाटे अर्धा तास कुंपणाशी उभे राहून पाहायला हवे. पण ओळखीसाठी रंग बाजूला ठेवा.

फूल उलटे करा आणि पाच निदले मोजपट्टीवर मोजा. निदल 17 ते 30 मिलिमीटर लांब, बुडाशी रुंद व बाहेर पसरलेल्या केसांचे, आणि पुढे एकदम निमुळते होऊन लांब शेपटीसारखे सरळ असेल, पान बहुधा तीन खंडांचे असेल, तर आयपोमिया निल. याच्याच बियांना काळादाणा म्हणतात. तसेच लांब निदल, पण शेपटी बाहेरच्या बाजूला ठळकपणे वळलेली, तर आयपोमिया हेडेरेशिया. निदल आखूड, 8 ते 16 मिलिमीटर, बुडाशी राठ केसांचे, शेपटी नसलेले, आणि पान बहुतेक अखंड बदामी असेल तर आयपोमिया पर्प्युरिया. हे तिन्ही वर्षायू आहेत: बी धरतात आणि वाळतात.

निदल 14 ते 22 मिलिमीटर, हळूहळू निमुळते होणारे, जवळजवळ गुळगुळीत किंवा निदलाला चिकटून बसलेली चपटी लव असलेले, फुले एका दांड्यावर दाट घोसात, फूल 6 ते 8 सेंटिमीटर रुंद, सकाळी निळे-जांभळे आणि कोमेजताना गुलाबी, तर तो आयपोमिया इंडिका. हा बहुवर्षायू. बऱ्याच ठिकाणी तो बी क्वचितच धरतो, पण जमिनीवर सरपटणाऱ्या फांद्यांना पेरापेराला मुळ्या फुटतात आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नवा वेल होतो. बागेतल्या माणसाला या चौघांत नेमका हाच ओळखता यायला हवा.

उरलेले पटकन. पान तळव्यासारखे पाच बोटांचे, बुडापर्यंत चिरलेले, आणि सगळे गुळगुळीत: आयपोमिया कैरिका, रेल्वे क्रीपर. पान पिसासारखे बारीक आणि फूल लाल, चांदणीसारखे: गणेशवेल. फूल पांढरे, संध्याकाळी उमलणारे, सुवासिक, लांब नळीचे, खोडावर मऊ काटे: चांदवेल. फूल जेमतेम 2 सेंटिमीटरचे गुलाबी: आयपोमिया ट्रायलोबा असण्याची शक्यता जास्त.

फळ हा शेवटचा पुरावा. निल, पर्प्युरिया आणि इंडिका यांच्या गोल बोंडात तीन कप्पे आणि सहापर्यंत बिया. कैरिका, ट्रायलोबा, चांदवेल यांत दोन कप्पे आणि चारपर्यंत बिया. कैरिकाच्या बियांच्या कडेला लांब रेशमी केस असतात. बोंड फूल मिटल्यापासून साधारण महिनाभरात तपकिरी होते. वेलाखाली नवी रोपे उगवलेली असतील तर तीही पाहा: आयपोमियाची पहिली दोन बीजपत्रे मध्ये खोल खाच असलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी दिसतात. त्यामुळे दोन आठवड्यांच्या रोपावरूनही गट सांगता येतो.

मोबाइल ॲपबद्दल बरेच जण विचारतात. गूगल लेन्स, प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट वापरायला हरकत नाही, पण त्यांना काय दाखवता यावर उत्तर ठरते. नुसत्या फुलाच्या फोटोवर ती बहुधा गट बरोबर सांगतात आणि जात चुकतात, कारण निदले फोटोत नसतातच. त्यामुळे ॲपने दिलेले जातीचे नाव हा अंदाज समजा आणि वरच्या खुणांवर तपासा. सहा फोटो काढा: पूर्ण वेल आधारासह, विळखा किंवा ताणा जवळून, पेर आणि देठाचे बूड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल बाजूने व पाठीमागून, आणि उभे चिरलेले फूल मोजपट्टीसह. आयपोमियाचे फोटो सूर्योदयानंतर दोन तासांत काढा. रात्री अंधार पडल्यापासून सुमारे 10 तासांनी फूल उमलते, म्हणून उमलायची वेळ ऋतूप्रमाणे सरकते. ढगाळ, गार दिवशी ते दुपारनंतरही उघडे राहते. तेव्हा ‘दुपारी मिटत नाही, म्हणजे मॉर्निंग ग्लोरी नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

नमुना जपायचा असेल तर फूल, पान आणि पेर असलेली एक वीत लांब फांदी वर्तमानपत्रात पसरून दाबा. एक पान मुद्दाम पालथे ठेवा. आयपोमियाचे फूल तोडताच मिटते, म्हणून कागद आणि वजन कुंपणापाशीच घेऊन जा. पहिले चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. सात ते दहा दिवसांत वाळतो. रंग उडतो आणि वास जातो, म्हणून तारीख, जागा, फुलाचा रंग, उमलायची वेळ आणि वास त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा.

बोली नावांच्या बाबतीत सावध राहा. ‘मधुमालती’ हे नाव बहुतेक बागांत पांढरी उमलून गुलाबी आणि मग लाल होणाऱ्या रंगून क्रीपरला लावतात, पण काही जण ते माधवीलतेलाही देतात. माधवीलतेच्या पाकळ्या झालरीच्या, एक पाकळी पिवळी आणि फळाला तीन पंख. दोन्ही वनस्पतींचे कूळही वेगळे. ‘नीलवेल’ आणि ‘कृष्णकमळ’ यांचेही असेच. कुणी बोली नाव सांगितले तर ते लिहून ठेवा, पण त्यावरून औषधी उपयोग शोधायला जाऊ नका.

विषाबद्दल स्पष्ट लिहितो. आयपोमियाला हात लावून काही होत नाही. त्याच्या बिया मात्र खाऊ नयेत. काळादाणा तीव्र रेचक आहे आणि काही जातींच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. लहान मुले आणि पाळीव जनावरे यांच्या आवाक्यात बोंडे ठेवू नका. याहून कितीतरी घातक वेल बागेत आपोआप येऊ शकतात. कळलावी: सहा पाकळ्या मागे वळलेल्या, ज्वाळेसारख्या, पिवळ्या-लाल, आणि कुक्षीचा दांडा बुडाशी काटकोनात वळलेला. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात कोल्चिसिन असते, आणि तो कंद खाण्याचा समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. गुंज: लाल बी, एका टोकाला काळा ठिपका. बी चावले गेले तर जिवावर बेतते. ॲरिस्टोलोकिया, म्हणजे सापसन आणि बदकवेल: फूल वाकड्या नळीसारखे किंवा चिलमीसारखे. त्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि कर्करोगही होतो. बदामी पाने पाहून गुळवेल समजून याचा काढा घेतला जाण्याचा धोका खरा आहे. गुळवेलाच्या जाड खोडाची साल कागदासारखी सुटते आणि आडव्या कापात चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. तरीही घरच्या ओळखीवर कोणताही वेल पोटात घेऊ नका. कुणी काही खाल्लेच तर उलटी करवू नका. वेलाचा फूल-पानासह तुकडा पिशवीत घालून माणसाला लगेच रुग्णालयात न्या. कोल्चिसिनची लक्षणे उशिरा दिसतात, म्हणून ‘अजून बरे वाटते आहे’ यावर थांबू नका.

आता ठेवावा की काढावा. निल किंवा पर्प्युरिया निघाला तर खुशाल ठेवा, फक्त बोंडे हिरवी असतानाच खुडा. बियांचे कवच कडक असते, त्या मातीत कित्येक वर्षे टिकतात आणि एका हंगामातल्या दुर्लक्षाची खुरपणी पुढे अनेक हंगाम करावी लागते. शेजारच्या लहान झाडांवर त्याला चढू देऊ नका. विळख्यापेक्षा सावलीने ती अधिक गुदमरतात.

इंडिका निघाला तर माझे मत काढून टाकावा असेच आहे, कुंडीत आणि जाळीवर काटेकोर बांधून ठेवायची तयारी नसेल तर. पाणी घालून माती भुसभुशीत करा, मुख्य खोड बुडाशी कापा, वरचा भाग आधारावरच वाळू द्या. ओला ओढलात तर तुकडे तुटून पडतात आणि रुजतात. मग जमिनीवर सरपटलेली प्रत्येक फांदी पेरापेरातून सोडवत, मुळ्यांसकट उचला. तुकडे कंपोस्टात टाकू नका. काळ्या पिशवीत भरून, तोंड बांधून, उन्हात पूर्ण काळे पडेपर्यंत ठेवा. दर दोन-तीन आठवड्यांनी नवे फुटवे खुडत राहा. पानांना अन्न बनवायला वेळच मिळाला नाही की मुळांतला साठा संपतो, पण त्याला एखादा पूर्ण हंगाम लागतो. मध्येच सोडले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

कॅट्स क्लॉ, कोरल वेल आणि थनबर्जिया यांचे आणखी अवघड, कारण त्यांना जमिनीत कंद किंवा जाड मांसल मुळे असतात. नुसते खोड कापून काही होत नाही, खणून कंद काढावे लागतात, तेही वेल लहान असताना. मिकानियाची बारीक पांढरी फुले कापसासारख्या बियांत बदलण्याआधी काढा, नंतर वारा त्या नेतो. आणि वेलाला पानेच नसून नुसते पिवळे-नारिंगी दोरे असतील, तर ती अमरवेल. तिचे दोरे ओढून काढणे पुरत नाही. शोषक मुळ्या यजमान झाडात राहतात आणि तिथून ती पुन्हा फुटते, म्हणून वेढलेली फांदीच चिकटलेल्या भागाच्या खालून कापावी लागते.

तुमच्या वेलाचा निर्णय आज लगेच घ्यायची गरज नाही. उद्या पहाटे एका फुलाचा पाठीमागून मोजपट्टीसह फोटो आणि पेराजवळचा एक फोटो काढा. निदलाची लांबी आणि त्यावरची लव यांवरून निल, पर्प्युरिया की इंडिका हे ठरेल. वेल या तिघांपैकी आहे की दुसराच, अशी शंका राहिली तर फळाची वाट पाहा. तोवर दोन-तीन कोवळ्या बोंडांवर पातळ जाळीदार कापडाची पुरचुंडी सैल बांधा आणि बाकीची खुडून टाका. बोंड पिकून फुटले तरी बिया कापडातच राहतील, कप्पे आणि बिया मोजता येतील, आणि मातीत एकही पडणार नाही.